प्लेटलेट वाढीव येतायत? आधी तीन फोटो पाठवा

आम्ही लॅबमधली रक्तपेशी मोजणारी मशीन (सेल काउंटर) दुरुस्त करतो. सुरगाणा किंवा पेठच्या लॅबमधून फोन येतो, "सर, सकाळपासून सगळ्यांचेच प्लेटलेट वाढीव येतायत." नाशिकहून गाडी काढली की जाण्यायेण्यात दिवस गेलाच. म्हणून आधी एवढंच सांगायचं: सॅम्पल न लावता बॅकग्राउंड काउंट (रक्त नसताना मशीन दाखवतं तो आकडा) लागोपाठ तीनदा घ्या आणि तिन्ही स्क्रीनचे फोटो पाठवा. एका फोटोवरून काही ठरवू नये.

थ्री-पार्ट सेल काउंटरवर (पांढऱ्या पेशी तीन गटांत मोजणाऱ्या मशीनवर) प्लेटलेटचं बॅकग्राउंड बहुधा 10 (हजार प्रति मायक्रोलिटर) च्या आत हवं. नेमकी मर्यादा मॅन्युअलमधली धरायची. आकड्यापेक्षा त्याची चाल बोलते. 40, 22, 9 असं उतरत गेलं तर आत घाण होती, ती धुतली गेली. 41, 39, 42 असं तिथंच अडलं तर संशय डायल्युएंटवर (रक्त पातळ करायच्या द्रावणावर): कॅन उघडा राहिला असेल किंवा मुदत संपली असेल. नवा कॅन लावून दोनदा प्राइम करायला (नळ्यांत नवं द्रावण भरून घ्यायला) सांगा. आणि 35, 8, 61 अशा उड्या असतील तर बहुतेक वेळा दोष विजेचा निघतो.

कारण सरळ आहे. अ‍ॅपर्चरमधून, म्हणजे मशीनमधल्या बारीक छिद्रातून, पेशी गेली की तिच्या आकारमानाच्या प्रमाणात पल्स (विजेचा ठोका) मिळतो. प्लेटलेट जेमतेम 2 ते 20 फेम्टोलिटरचे, त्यामुळे त्यांचा पल्स इवलासा. अर्थिंग ढिलं असलं की लाइनमधला नॉइज तेवढाच दिसतो आणि मशीन तो मोजून टाकतं. आरबीसीचा (तांबड्या पेशीचा) पल्स मोठा, म्हणून तो आकडा मात्र शहाण्यासारखा वागतो.

मग इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा, व्हिडिओ कॉल चालू ठेवून. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. 15-20 दिसले तर मशीन उघडूच नका. आपल्याकडे खाली काळा खडक. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात पाणी सोडा, पट्टीचे नटबोल्ट घासून आवळा. सेंट्रिफ्यूज (नमुने गरगर फिरवणारं मशीन) त्याच बोर्डवर असेल तर काढा. (फ्रिजही. तो कुणी सांगत नाही, विचारावा लागतो.)

निफाडच्या थंडीत वेगळंच. कॅन रात्रभर फरशीवर राहिला की डायल्युएंट गार पडतं, त्याची वाहकता बदलते, मशीन तापमानाचा एरर देतं. कॅन लाकडी फळीवर ठेवा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हीटरसमोर नको.

क्लॉगचा (छिद्र तुंबल्याचा) एरर आला तर बॅकफ्लश (उलट्या दिशेने धुणं), मग प्रोब क्लीनरमध्ये सोक (भिजवून ठेवणं). रोज येत असेल तर ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारं औषध असलेली नळी) बघा: खुणेपर्यंत भरत नाहीत किंवा 8-10 वेळा हलक्या हाताने उलटसुलट करत नाहीत, आणि गुठळी थेट अ‍ॅपर्चरला बसते.

एनीडेस्कवर (दुरून मशीनचा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) शिरलात तरी कॅलिब्रेशन फॅक्टरला (मशीनचे आकडे जुळवणाऱ्या सेटिंगला) हात लावू नका. आधी कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेला नमुना) चालवून घ्या. नॉर्मल पेशंटचं हिमोग्लोबिन गुणिले तीन हे हिमॅटोक्रिटच्या (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्क्याच्या) जवळ, साधारण तीनच्या फरकात येतं का पाहा. फोटोत पेशंटचं नाव झाकायला सांगा. आणि मशीन नीट चालू असतानाच फॅक्टरच्या पानाचा फोटो काढून ठेवा. सेटिंग उडाली की त्यावरूनच आकडे परत भरता येतात.