इंदूरला 'शारदा' पाहिलं आणि कांचनभटाचा संताप आला

उज्जैन झालं, मांडू झालं, दोन्ही छान झालं. मला लिहायचंय ते इंदूरच्या हौशी कलाकारांनी केलेल्या 'संगीत शारदा'बद्दल. देवलांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरातच झाला, तेव्हा ते इथेच बघायचं म्हणून आत्याने तिकिटं आधीच काढून ठेवली होती.

'शारदा' म्हटलं की आपल्याला बोहल्यावर चढायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ आठवतो. 'म्हातारा इतुका न' सुरू झालं आणि लोक हसत टाळ्यांचा ठेका धरू लागले. पुढच्या रांगेत तर मोबाईलच वर झाले, अर्धा रंगमंच दिसेना. फार राग येतो मला याचा.

पण माझी नजर खिळली ती पैशासाठी शारदेला या म्हाताऱ्याला द्यायला निघालेल्या तिच्या बापावर, कांचनभटावर. लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित स्थळाचं बोलत होता आणि हा उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत ऐकत होता. मुलीचं नाव निघालं तरी बोट चालूच. पैशाची गोष्ट निघाली आणि बोट थांबलं. कन्याविक्रय म्हणजे काय, ते त्या नटाने एवढ्यात दाखवलं. भुजंगनाथाला हसता येतं, पण या बापाला कसं हसायचं?

त्याच्या लोभाची किंमत घरातल्या बायका मोजतात. शारदेच्या आईचं, इंदिराकाकूचं, नवऱ्यापुढे काही चालत नाही. 'मूर्तिमंत भीती' गाताना शारदेचं काम करणारी मुलगी शेवटी जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात गायली, आणि मला तेच योग्य वाटलं. शिवाय लग्न मोडतं तेही बापाला पाझर फुटला म्हणून नाही, गोत्र एकच निघतं म्हणून! एवढं होऊन पोरीवर जीव द्यायला जायची वेळ येतेच. नाटकाचा नायक कोदंड वेळेवर पोचतो म्हणून ती वाचते.

रात्री सराफ्यात गेलो. सोन्याचांदीच्या बंद दुकानांपुढे गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढया, भुट्ट्याचा कीस आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. त्या गर्दीत आमचा वाद जुंपला.

"अगं, तो काळच तसा होता," आत्या म्हणाली.

"आत्या, काळ तर इंदिराकाकूचाही तोच होता. आणि देवलांचाही."