आमची वाटचाल: हापूसचा मोसम आणि ऑपकॅश

२०१२ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघांनी सुरुवात केली. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं यांच्या पाच-दहा पानी वेबसाइट करायचो. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) त्या निवांत चालायच्या. वेगाचा विषय कधी निघालाच नाही, कारण बघायला येत कोण होतं?

२०१४ मध्ये देवगडच्या एका हापूसवाल्यांचं ऑनलाइन दुकान हाती आलं. मॅजेंटो या ऑनलाइन दुकानांच्या तयार सॉफ्टवेअरवर बांधलं, क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेऊन चढवलं. पाडव्यानंतर ऑर्डरी सुरू झाल्या आणि पान उघडेना. रॅम वाढवली, मग प्रोसेसर वाढवले. बिल वाढलं, पान तसंच रखडलेलं.

मॅजेंटो ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी दर वेळी फाइल वाचते, तिचे ऑपकोड (पीएचपीला चालवता येतील असे छोटे आदेश) करते, चालवते आणि टाकून देते. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला जोंधळे दळण्यापासून भाकरी! हे दळण साठवायची सोय म्हणजे ऑपकॅश. २०१३ च्या पीएचपी ५.५ पासून ती सोबतच येते आणि आमच्याकडे चालूही होती. पण तेव्हाच्या मूळच्या सेटिंगमध्ये तिला मेमरी ६४ एमबी आणि फायलींचा आकडा २०००. त्यात चाचणीची दुसरी प्रत आम्ही त्याच सर्व्हरवर ठेवलेली, तीही त्याच कॅशमध्ये घुसलेली. कॅश भरली की उरलेल्या फायली पुन्हा दर वेळी दळायच्या. चाचणीची प्रत हलवली, मेमरी २५६ केली, फायलींचा आकडा वाढवला. वाढवलेली रॅम त्याच आठवड्यात परत केली.

मग अंगात आलं. पुढच्या मोसमात ऑपकॅशचं फाइल बदलली का हे तपासणंच बंद केलं. तेवढाच डिस्कचा त्रास वाचतो. कुरिअरचे दर आम्ही (आळसानं) एका पीएचपी फाइलमध्येच लिहिले होते. दर बदलले, फाइल चढवली, टर्मिनलवरून (आदेश टाइप करायच्या खिडकीतून) कॅश रिकामी करायचा आदेश दिला. काहीच एरर नाही, आम्ही खूश. दुपारी देवगडहून फोन : "ओ दादा, पुण्याचा दर अजून जुनाच दाखवताय तुमी. पेट्या गेल्या ना!"

टर्मिनलवरची पीएचपी वेगळी आणि वेबसाइट चालवणारी पीएचपी, म्हणजे एफपीएम, वेगळी. दोघींची मेमरी स्वतंत्र. आम्ही भलत्याच घराची कोठी झाडत होतो. हे शोधलं ते आमच्याकडे दोनच महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीनं. फरकाचे पैसे आम्ही भरले.

तेव्हापासून कोड चढवला की एफपीएम रीलोड, हा नियम. रीलोडनंतर कॅश कोरी असते, म्हणून एक छोटी स्क्रिप्ट मुखपृष्ठ, पेट्यांचं पान आणि चेकआउट स्वतःच उघडून घेते. गर्दीत नवा सर्व्हर जोडतानाही तो आधी असाच तापवतो, मगच लोड बॅलन्सरखाली (गर्दी सर्व्हरांमध्ये वाटून देणारा) घेतो.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी देवगडचा फोन अजून येतो. आंब्याबद्दल दोन वाक्यं, मग हळूच : "रीलोड केलात ना?"