तुला कोण आवडतं?

'रिप्लाय १९८८' ही कोरियन मालिका पाहिलेली माणसं दोन गटांत विभागलेली असतात. जुंगह्वानवाले आणि तेकवाले. एकाच गल्लीतल्या या दोन दोस्तांपैकी नायिका दकसनचा नवरा कोण, यावरून कोरियातही २०१५-१६च्या हिवाळ्यात हेच भांडण जुंपलं होतं. मी जुंगह्वानवाली. पोरगी शाळेला निघेपर्यंत दारात बुटाची नाडी बांधत बसणारा मुलगा कुणाला आवडणार नाही? पण मालिका पुन्हा बघायला घेतली आणि नवरा कोण हे माहीत असल्यामुळे सगळं लक्ष दकसनकडेच गेलं.

सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली. बँकेत नोकरी करणाऱ्या दकसनच्या बापाने मित्राच्या कर्जाला जामीन राहून हात पोळून घेतलेले, त्यामुळे हे कुटुंब जुंगह्वानच्या घराखालच्या अर्ध्या तळघरात राहतं. दकसन मधली. मोठी बोरा हुशार आणि तापट, धाकटा मुलगा म्हणून लाडका. कोंबडीच्या तंगड्या त्या दोघांच्या वाट्याला. वाढदिवसाचा केकसुद्धा बोराचा. तिच्या मेणबत्त्या विझल्या की त्याच पुन्हा पेटवून दकसनचा वाढदिवस उरकायचा. ती एकदा भडकते आणि जे काही रडते! मधल्या भावंडांनी तो प्रसंग एकट्याने बघावा.

ऑलिम्पिकमध्येही तेच. उद्घाटनाच्या संचलनात देशाच्या नावाची पाटी धरायला तिची निवड होते, देश मादागास्कर. महिनोन्महिने सराव करते आणि ऐनवेळी मादागास्कर येतच नाही. (हे खरंच घडलं होतं. त्या वर्षी उत्तर कोरियाबरोबर काही देशांनी सोल ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला, त्यात मादागास्करही होता.) शेवटी तिच्या हाती युगांडाची पाटी येते आणि ती ऐटीत चालते.

मिळेल ते गोड मानून घ्यायची सवय लागलेली ही मुलगी प्रेमातही तशीच पडते. गल्लीतलाच दोस्त सनवू सारखा घरी येतो, म्हणजे त्याला तू आवडतेस, असं मैत्रिणी म्हणतात. झालं, हिला सनवू आवडायला लागतो. पहिला बर्फ पडतो तेव्हा सनवू मन मोकळं करतो, पण बोरापाशी. मग मैत्रिणी जुंगह्वानचं नाव घेतात, की हिची नजर तिकडे.

तिकडे मुलांचं निराळंच. तेकला ती आवडते हे कळल्यावर जुंगह्वान मागे सरतो. जुंगह्वानच्या पाकिटात त्याचा आणि दकसनचा फोटो दिसल्यावर तेक मागे सरतो. दोस्तीसाठी दोघांनी केलेला त्याग म्हणून पहिल्यांदा मी डोळे पुसले होते. आता मात्र राग आला. अरे, तिला कुणी विचारलं का?

विचारतो एकटा दोंगर्योंग, त्यांच्याच टोळीतला. बाप शाळेत शिस्तीचा शिक्षक, पोरगा अभ्यासात शून्य, गाण्या-नाचण्यात पुढे. मला कुणीच का पसंत करत नाही, म्हणून दकसन त्याच्यापाशी रडगाणं गाते. तो म्हणतो, कुणाला तू आवडतेस ते सोड, तुला कोण आवडतं? ती गप्प होते. तिच्या मोठं होण्याची सुरुवात मला तिथे दिसते, चुंबनाबिंबनात नाही.

बाकी जुंगह्वान बिचारा दकसनकडे जाताना लाल सिग्नलवर अडकतो, आणि बदुकचा (सोंगट्यांचा पटावरचा खेळ, म्हणजेच 'गो') सामना सोडून आलेला तेक ती असलेल्या गाण्याच्या कार्यक्रमाला आधी पोचतो. सिग्नलला शिव्या देण्यात अर्थ नाही, आपलंच धाडस कमी पडलं, हे जुंगह्वान स्वतः कबूल करतो. नंतर अंगठी पुढे ठेवून सगळं बोलतो आणि लगेच थट्टेवारी नेतो. तेव्हाही 'तुझं काय?' हे विचारायचं राहतंच.

त्यामुळे मी पक्ष बदलला आहे. तेकवाल्यांनी उगाच खूश होऊ नये. मी दोंगर्योंगवाली झाले आहे आणि आमच्या गटात अजून भरपूर जागा आहे.