पाचवीचं गणित तान्ह्या पोळ्यात

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी एप्रिल लागला की शाळेमागच्या हापशीवर हात दुखेपर्यंत दांडा मारावा लागतो. पावसाळ्यात मात्र शाळेच्या टिनावरचं पाणी सरळ नालीत जातं. ‘पाणी वाचवा’चे फलक मुलं दरवर्षी रंगवतात. त्यानं काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पोरांच्या हाती माप द्यावं लागतं.

म्हणून पर्जन्यमापक केला. सरळ बाजूंची बाटली घेतली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवला. बाटलीचं बूड खालीवर असतं, त्यामुळे तळाशी खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, म्हणून शाळेला लागून राहणाऱ्या मुलीकडे नोंदवही दिली.

1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. आमचं छप्पर 16 बाय 6 मीटर. 30 मिलिमीटर पडला त्या दिवशी फळ्यावर 2,880 लिटर आलं. पंधरा लिटरच्या गुंडानं, म्हणजे पाण्याच्या भांड्यानं, भागून एकजण ओरडली, “मॅडम, 192 गुंड! मंग जाते कुठं हे पाणी?”

हा प्रश्न गावापुढे न्यायचा होता. ग्रामसभेला बाया कमीच येतात; तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, मात्र आज्या, आया, सगळ्या. मुलांनी आपल्या लाकडी नंदीच्या झुलीवर त्या त्या दिवसाचे लिटर लिहिले आणि झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं गाणं, स्वतः जुळवली:

“पावसात नाली भरून वाहे,
उन्हाळ्यात हापशी कोरडी राहे,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!”

बोजारा, म्हणजे पोरांना द्यायची ओवाळणी, वाटता वाटता लोक आकडे विचारत होते. मग 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक आजी उठली, “पोट्टे म्हणतात ते खरं हाय का?” मुलांनी वही पुढे केली. छपराचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याचा ठराव झाला.

टिनाला पन्हाळ लागली, हापशीजवळ खड्डा खोदला. तळाशी दगड, त्यावर गिट्टी, वर रेती. म्हणजे गाळ वरच अडतो आणि खरवडून काढता येतो. छपरावरची धूळ, पाखरांची घाण खड्ड्यात जाऊ नये म्हणून पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी आहे. ती पाचवीकडे.

ग्रामपंचायतीच्या स्लॅबचं मापही पोरांनी घेऊन ठेवलंय. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ते मांडणार आहोत.