नदी काही केल्या सुकेना : टेरेन बनवण्याचा माझा अनुभव

छोट्या सैनिकांच्या टेबलावरच्या युद्धखेळासाठी एका बोर्डावर टेरेन, म्हणजे लहान आकाराचा भूप्रदेश, बनवायला घेतला. टेकड्या आणि पडक्या भिंती पटापट झाल्या. चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा एक्सपीएस फोमवर (घट्ट पॉलिस्टायरीन फोम) दाबून फिरवला की दगडाचा खडबडीतपणा हुबेहूब उमटतो. त्यावर काळा रंग, मग राखाडीचा ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर हलका रंग), झालं काम. अंत पाहिला तो नदीने!

पाण्यासाठी दोन भागांचं इपॉक्सी रेझिन आणलं: रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की मिश्रण हळूहळू कडक होतं. डब्यावर ठळक अक्षरांत '24 तासांत कडक'. किती तापमानाला, याबद्दल अवाक्षर नाही. थंड खोलीत हीच क्रिया कितीतरी मंदावते. प्रमाण दोनास एक, पण मापाने (म्हणजे आकारमानाने) की वजनाने, तेही लिहिलेलं नाही. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे ही दोन मिश्रणं सारखी होत नाहीत, आणि प्रमाण बिघडलं तर कितीही थांबा, चिकटपणा जात नाही. एवढी साधी गोष्ट छापायला काय हरकत होती? शेवटी कपांमध्ये दोन्ही नमुने करून पाहिले. मापाने घेतलेल्यावर नखाचा ओरखडा उठेना. वजनाने घेतलेला दाबला की खळगा पडायचा.

मग नदीत पातळ थर ओतला. जाड थर एकदम ओतायचा नाही, तो स्वतःच तापतो आणि खालचा फोम वाकतो. धूळ बसू नये म्हणून वर खोका पालथा घातला आणि वाट पाहत बसलो. 24 तास उलटले, काठाशी बोट लावलं तर ठसा उमटला. दुसऱ्या दिवशीही तेच. खेळायला येणारे मित्र विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी खोली उबदार ठेवली, तेव्हा कुठे नदी कडक झाली. 28 मिमीचे सैनिक काठावर उभे केले आणि तळातले खडे स्वच्छ दिसले, तेव्हा खूप बरं वाटलं.

ओतण्याआधी बोर्डाच्या कडा नीट बंद करा, रेझिन केसाएवढ्या फटीतूनही गळतं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. आणि हो, फोमवर थेट स्प्रे पेंट मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट फोम विरघळवतं. आधी पीव्हीए गोंदात (लाकूडकामाचा पांढरा गोंद) रंग कालवून हात द्या. रेझिन काठावर थोडं चढतं आणि तिथे नको ती चमक येते. ती मॅट व्हार्निशने मारायची, पण नदी पूर्ण कडक झाल्यावरच.