शेव सादळली आहे

आमच्याकडे संध्याकाळी सात ते साडेनऊ रिमोट आईच्या मांडीवर असतो आणि हुकूम आत्याचा चालतो. इंदूरच्या रामबागेत बसून दोघींना मराठी मालिकांतल्या सगळ्या सुना, सासवा आणि त्यांची पापं तोंडपाठ आहेत. आई आत्याला अजून ‘वन्सं’ म्हणते. हा शब्द पुण्यात कधीच मोडीत निघाला, असं माझा भाचा सांगतो. आमच्या घरात तो रोज पोह्यांच्या बशीबरोबर येतो.

परवा एका नायिकेच्या डोक्याला काहीतरी लागलं आणि शुद्धीवर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “आपण कोण?” आत्याने सुपारी कातरता कातरता निकाल दिला, “पंधरा दिवस. मग पुन्हा डोकं आपटेल.” स्मृती जाणं म्हणजे मालिकांमधलं सर्दी-पडसं. प्रत्यक्षात डोक्याला मार बसलेल्या माणसाला बहुधा अपघाताच्या आसपासचं आठवत नाही, किंवा मघाशी कोण येऊन गेलं ते टिकत नाही. स्वतःचं नाव आणि नवरा सहसा शाबूत राहतात, नकोसे असले तरी.

दुसरा लाडका आजार म्हणजे एका बाईत दोन बाया. एक वेणीवाली, एक केस मोकळे सोडलेली. याला बिनदिक्कत स्किझोफ्रेनिया म्हणतात. पण एकट्या मालिकावाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९०८ साली ग्रीक शब्दांतून हे नाव घडवलं तेव्हाच त्यात ‘दुभंगलेलं मन’ येऊन बसलं, आणि आपण इमानेइतबारे त्याचं ‘छिन्नमनस्कता’ केलं. आता नावच असं म्हटल्यावर लेखक दोन बाया लिहिणार नाही तर काय करणार? त्या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटतं, विचारांचा धागा तुटतो. दुसरी बाई त्यात कुठेच नसते.

आणि विजेचा झटका! पडद्यावर तो नेहमी किंचाळणाऱ्या माणसाला चार जणांनी धरून देतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला मनाई केली आहे. भूल दिलेला माणूस निपचित झोपलेला असतो. त्यावर भाग कसा संपवणार?

इंदूरला लहानपणी भांडणात शेवटचं अस्त्र होतं, “याला बाणगंगेला टाका.” सरकारी मनोरुग्णालय तिथे. ठाण्याच्या पोरांना ठाणं, पुण्याच्या पोरांना येरवडा, आम्हाला बाणगंगा. १९९४च्या पावसाळ्यानंतर मी हे वाक्य म्हणायचं सोडलं.

त्या पावसाळ्यात आत्या गप्प झाली. ती शाळेत गणित शिकवायची, जिभेला धार, खाण्यात चोखंदळ. शेव घ्यायला स्वतः जाणार, दुकानात चिमूटभर तोंडात टाकून मगच तोलायला सांगणार. ती आत्या मागच्या ओसरीवर पायरीवर बसून राहायला लागली. केस विंचरेना. ताटात पडेल ते चार घास खाई. पोह्यांत मीठ नसलं तरी बोलेना, तेव्हा आई घाबरली.

काही घडलं नव्हतं. नेमकं हेच कुणाला पटत नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी प्रेमभंगापासून करणीपर्यंत सगळं लावून बघितलं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “मनाला लावून घेऊ नकोस.” आपलं सगळं मानसोपचारशास्त्र या चार शब्दांत मावतं. काय लावून घेतलंय ते मात्र कुणी विचारायचं नाही, कारण उत्तर आलं तर पुढे काय करायचं?

बाबा तिला स्कूटरवर मागे बसवून एका डॉक्टरकडे न्यायला लागले. बाहेर सांगायचं, पोटाच्या दवाखान्यात. आता १४४१६ हा टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, २०२२पासून, चोवीस तास, फुकट. तेव्हा असता तरी आमचा फोन बैठकीत होता आणि तो वाजला की अर्धी गल्ली कान टवकारायची.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की दोन-तीन आठवडे फरक दिसणार नाही, बंद करू नका. आठव्या दिवशी घरात सभा भरली आणि बंद करायचं ठरलं. बाबा बधले नाहीत. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळीत आत्याने करंजीला हात लावला नाही. तीन महिने, चार महिने. याची मालिका काढा म्हटलं तर कॅमेरा ओसरीवर ठेवायचा आणि माणसांनी घरी निघून जायचं. मालिकेला रोज काहीतरी घडावं लागतं. या आजारात काहीच घडत नाही, हीच तर त्याची तऱ्हा.

मग पौषातल्या एका सकाळी पोहे झाले, वर शेव पडली, जिरावण भुरभुरलं. आत्याने एक घास घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “शेव सादळली आहे.” आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाबा पायात चपला सरकवून तेवढ्यासाठी बाजारात गेले. पार्श्वसंगीत म्हणून शेजारी कुकरची शिट्टी झाली असेल फार तर.

हे सगळं आठवायचं कारण भाचा. पुण्याहून घरून काम करायला आला आणि साडेनऊनंतरचा टीव्ही त्याने बळकावला. तो विलायती मालिका लावतो आणि दोघींना मराठीत सांगत बसतो. ‘द सोप्रानोज’मधला माफियावाला घरामागच्या पोहण्याच्या तलावातली बदकं उडून गेल्यावर कोसळतो आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जातो, हे सांगितल्यावर आत्या लगेच म्हणाली, “पिल्लं गेली. घर रिकामं होणार म्हणून घाबरला तो.” डॉक्टरीणबाईंनाही शेवटी हेच सापडतं. ‘इन ट्रीटमेंट’ची गंमत अशी की सोमवार ते गुरुवार डॉक्टर रोग्यांचं ऐकतो आणि शुक्रवारी स्वतः दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. “बरोबर आहे,” आई म्हणाली, “न्हाव्याचे केस दुसराच न्हावी कापतो.”

गेल्या आठवड्यात त्याने ‘अॅडोलसन्स’चा तिसरा भाग लावला. २०२५ची इंग्लंडची मालिका, चारच भाग, प्रत्येक भाग एका दमात, मध्ये कुठे न कापता चित्रित केलेला. या भागात जवळजवळ सगळा वेळ एक खोली, खुनाच्या आरोपातला तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसतज्ज्ञ. तिने त्याच्यासाठी गरम चॉकलेट आणलंय, स्वतःचं अर्धं सँडविच पुढे केलंय.

“काय सांगून राहिला तो?” आईने विचारलं.

“काही नाही, आजी. ती विचारतेय, तो टाळतोय.”

“मग ती गप्प का बसली?”

“तो बोलेल म्हणून.”

आईला हे झेपेना. आमच्या घरात गप्प बसलेल्या माणसापुढे आधी पाणी ठेवतात, मग लाडू, मग सल्ला. पण आत्याने कातरणारा अडकित्ता थांबवला होता. मुलगा एकदम भडकून उठला, पुन्हा बसला, शेवटी त्याला ओढत बाहेर नेलं. खोलीत ती एकटी राहिली. उष्ट्या सँडविचला हात लावायला तिचा हात धजेना.

भाच्याने टीव्ही बंद केला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आत्या म्हणाली, “आमचा डॉक्टर एवढं कुठे बसायचा! बाहेर ही रांग. आत गेलं की एकच विचारायचा, आज केस कुणी विंचरले? मी म्हणायचे, वहिनींनी. तो लिहून घ्यायचा. दर वेळी तेच. एकदा म्हटलं, मी. तर पेन ठेवून हसला.”

तीस वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“तेलसुद्धा मीच लावायचे, वन्सं,” ती म्हणाली. “ते सांगितलंत का त्यांना?”