ताप नव्हता, पण श्वास वाढला होता

सर्जिकल वॉर्डची नाइट ड्युटी होती. आधीच्या ड्युटीची माहिती (ओव्हर) देणाऱ्या सिस्टरने सांगितलं, "काकांचा आतड्याच्या ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस. ताप नाही, जखम कोरडी." मी औषधं देत होते, तेवढ्यात काकू जवळ आल्या. "सिस्टर, हे काहीतरी वेगळंच बोलताहेत. मघाशी मुलाला भावाच्या नावानं हाक मारली."

अर्धवट झोपेत माणूस बरळतो, हे खरं. पण ज्यांनी त्याच्यासोबत संसार केला, त्यांना वेगळं वाटत असेल तर ते मी चार्टवरच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं मानते. ट्रॉली तिथेच ठेवली आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. 28. नाडी 114, वरचं बीपी 104, ऑक्सिजन 95, ताप खरंच नव्हता. एकेक आकडा सुटा पाहिला तर कुणी फारसं घाबरणार नाही. पण एनईडब्ल्यूएस-2, म्हणजे अशा आकड्यांना गुण देऊन प्रकृती किती बिघडतेय ते सांगणाऱ्या तक्त्यात गुण मांडले, तर नव्याने आलेला गोंधळ धरून बेरीज 10 झाली. 7 किंवा त्याहून जास्त झाली की डॉक्टरांनी तातडीने यायचं असतं. युरिन बॅग पाहिली. काकांचं वजन साठ किलोच्या आसपास, म्हणजे तासाला निदान 30 मिली लघवी हवी. चार तासांत जेमतेम 70 जमली होती.

डॉक्टरांना फोन लावला. अशा वेळी "पेशंट बरा वाटत नाही" एवढ्यावर भागत नाही. आधी आत्ता काय दिसतंय, मग ऑपरेशन कोणतं आणि कधीचं, मग आकडे, आणि शेवटी स्पष्ट शब्दांत, "मला सेप्सिसची शंका आहे, तुम्ही आत्ता या." सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयवच निकामी व्हायला लागणं. ते आले. आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) घेतलं, लगेच अँटिबायोटिक सुरू केलं, सलाईनचा वेग वाढवला. लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक, 4.2 आलं, बरंच जास्त. सीटी स्कॅनमध्ये आतड्याच्या जोडातून गळती दिसली आणि पहाटेच काकांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं.

त्या रात्री माझ्यासोबत एक विद्यार्थिनी होती. बऱ्याच चार्टवर प्रत्येक पेशंटपुढे श्वासाचा आकडा 18 किंवा 20 लिहिलेला असतो, तो न मोजताच. मला त्याचा मनापासून राग येतो. नाडी आणि ऑक्सिजन मशीन दाखवतं. श्वास मात्र वॉर्डात बहुतेक वेळा नर्सनेच मोजायचा असतो, आणि प्रकृती ढासळायला लागली की बरेचदा तोच सगळ्यांत आधी बदलतो. मी तिला काकांच्या छातीकडे बघून स्वतः मोजायला लावलं.

काका आयसीयूतून परत आमच्याच वॉर्डात आले आणि पुढे चालत घरी गेले. विद्यार्थिनीने विचारलं, "सिस्टर, पास झाल्यावर थेट आयसीयूला अर्ज करू का?" आयसीयूचं काम मोठंच आहे. तरी मी तिला आधी जनरल वॉर्ड घ्यायला सांगितलं. तिथे प्रत्येक खाटेला मॉनिटर नसतो, त्यामुळे नजर तयार होते.